भजनी मंडळाचा डबा आणि घरभेट: आईसाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

आई 78 वर्षांची, देवगड तालुक्यात घरी एकटी. आम्ही भावंडं ठाणे-डोंबिवलीत. गावच्या भजनी मंडळाने एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचा डबा आणि घरभेटी सुरू केल्या आणि भातलावणी आटोपल्यावर आम्ही आईचं नाव दिलं.

डबा चांगला. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी नाहीतर डाळ, एक भाजी. देवळातला, त्यामुळे शिवराकच, म्हणजे शाकाहारी. बांगडा मिळाला की आईला डबा नको असतो. आदल्या संध्याकाळी सांगितलं की झालं.

खरं मोल घरभेटीचं. दोघंजण येतात, खळ्यात (अंगणात) बसतात, "काकीनू, गोळी घेतलात मां?" विचारून गोळ्यांची पट्टी स्वतः बघतात. आईच्या पायांवरची सूज त्यांनीच आधी पाहिली. फोनवर आम्हाला ती "मी बरी आसय" एवढंच सांगत होती!

बाबांच्या मागे तिला ईपीएस-95 ची (पीएफवाल्या नोकरीतली) पेन्शन मिळते, त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. मंडळातल्या एका मुलाने मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, करून दिलं. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही त्यांनीच काढलं. ही कामं मुंबईत बसून आमच्याने होत नव्हती.

आधी आम्ही पगारी बाई ठेवली होती, आईने तिला आठवड्यात परत पाठवलं. मंडळाची माणसं मात्र तिला चालतात, कारण त्यांच्यात ती कितीतरी वर्षं गायलीय. एकादशीला तिला रिक्षाने देवळात नेतात आणि गजर तिलाच धरायला लावतात. मदत घेतेय असं तिला वाटतच नाही, आणि मला या सेवेत सर्वांत जास्त हेच आवडलं.

उणिवाही आहेत. भातकापणीत सगळेच शेतात, डबा उशिरा यायचा, काही दिवस आलाच नाही. तेव्हा घरात पीठ-पेजेची सोय हवीच. रात्री-अपरात्रीची जबाबदारी ते घेत नाहीत, तसं आधीच स्पष्ट सांगतात. शेजाऱ्यांकडे एक चावी ठेवा. खाडीपलीकडे एकटी राहणारी एक मुस्लिम आजी आहे, तिच्या औषधांचा खर्च तिथली मुस्लिम जमात जकातीतून, म्हणजे धर्मादाय दानातून करते. तपासणीच्या दिवशी दोघींनी एकाच रिक्षातून ग्रामीण रुग्णालयात जावं असं मी दोन्हीकडे सुचवलंय. मंडळ तयार आहे, जमातीच्या होकाराची वाट बघतोय.

पैसे ऐच्छिक आहेत, पण दरमहा ठरवून द्या आणि पावती घ्या. गॅस आणि रिक्षाचं भाडं त्यातूनच निघतं.