दोन लिटरच्या मर्यादेत कोणती पिनो न्वार?

दिवाळी जवळ आली की आपल्या विदर्भात कॅलिफोर्नियातल्या पोरांचे फोन सुरू होतात, "काका, येताना काय आणू?" ज्यांच्या घरी वाइन चालते त्यांनी या वेळी नीट विचार करून उत्तर द्यावं. भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्यापुढे शुल्क इतकं बसतं की बाटलीची मजाच जाते. आणायचीच तर इथल्या दुकानात जी सहसा दिसत नाही ती आणावी, म्हणजे किनाऱ्याजवळच्या थंड भागातली, एकाच मळ्याची पिनो न्वार, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची नाजूक लाल वाइन.

इथे दोन मळे समोरासमोर ठेवतो. एक हिर्श, उत्तरेकडे सोनोमाच्या किनाऱ्यावरचा. दुसरा सॅनफर्ड अँड बेनेडिक्ट, दक्षिणेकडे सांता बार्बरा काउंटीतला. दोन्ही मळे नावाजलेले. चांगल्या वर्षाच्या बाटलीला साधारण ६० ते १०० डॉलर पडतात, त्यामुळे भाव हा निवडीचा मुद्दाच नाही.

आधी लेबलाचं बघू. मळ्याचं नाव छापलं असेल तर किमान ९५ टक्के द्राक्षं त्याच मळ्यातली हवीत, असा अमेरिकेचा नियम आहे. पण मळा एकाचा आणि वाइन दुसऱ्याची, असं तिथे सर्रास चालतं. डेव्हिड हिर्श यांनी १९७८ मध्ये ती जागा घेतली, १९८० मध्ये वेली लावायला सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षं द्राक्षं विल्यम्स सेल्यम, लिटोराय अशा वाइनरींना विकली. स्वतःच्या नावाची वाइन २००२ पासूनची. सॅनफर्ड अँड बेनेडिक्ट तर १९७१ ची लागवड, आणि आजही तिथली द्राक्षं अनेकांकडे जातात. म्हणून पोराला नुसतं "हिर्श आण" म्हणून भागत नाही, वाइनरी कोणती तेही सांगा. हिर्शच्या बाबतीत हिर्शचीच घ्या, आणि तीही 'सॅन आंद्रेयास' नावाची. ती अख्ख्या मळ्याची मिळून केलेली असते आणि त्यांच्या निवडक तुकड्यांच्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडते. पहिल्या ओळखीला तुकड्यांचे चोचले कशाला?

आता जमीन आणि हवा. संत्र्यावाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. काळ्या भारी जमिनीतलं फळ आणि मुरमाडातलं फळ एकाच कलमाचं असलं तरी जिभेला वेगळं लागतं, तोच हा प्रकार. हिर्शचा मळा समुद्रापासून काही मैलांवर, सुमारे १,५०० फूट उंच धारेवर आहे. सॅन आंद्रेयास हा भूकंपाचा भ्रंश, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, अगदी जवळून जातो, त्यामुळे जमिनीत सगळी उलथापालथ झालेली आहे, चार पावलांवर माती बदलते. खाली दरीत धुकं दाटलेलं असतं आणि वर धारेवर ऊन पडतं. ऊन आहे पण हवा समुद्राची, म्हणून द्राक्ष हळूहळू पिकतं आणि आंबटपणा टिकून राहतो. हिवाळ्यात तिथे पाऊस धो-धो, पण उन्हाळा कोरडा. फळ रंगात यायला आणि आभाळ भरून यायला एकच गाठ, हे आपलं दुखणं त्यांना सहसा नसतं.

सॅनफर्ड अँड बेनेडिक्ट तिथून सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला. एवढं दक्षिणेला गेल्यावर गरम व्हायला हवं, पण होत नाही, आणि त्याचं कारण डोंगरांची दिशा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचे बहुतेक डोंगर उत्तर-दक्षिण धावतात आणि समुद्राचा वारा अडवतात. हा मळा ज्या सांता रिटा हिल्स भागात आहे, तिथले डोंगर मात्र पूर्व-पश्चिम आहेत. मधली दरी समुद्राकडे उघडी, त्यामुळे दुपारनंतर वारा सरळ आत घुसतो. मळाही उत्तर उताराचा, ऊन तिरपं पडणारा. पाऊस हिर्शच्या मानाने फारच कमी, भिस्त ठिबकवर. बहारासाठी झाडाला ताण देणाऱ्याला पाण्याचा हा हात राखून चालवलेला कारभार ओळखीचा वाटेल.

चवीत फरक स्पष्ट आहे. हिर्श रंगाने फिकी, पण फिका रंग बघून फसू नका. आंबटसर लाल फळं, पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास आणि मागून चांगलाच तुरटपणा. ती लगेच खुलत नाही. बाटली उघडून तासभर ठेवली तर बोलायला लागते. सॅनफर्ड अँड बेनेडिक्ट जास्त भरलेली. पिकलेल्या चेरीकडून जांभळाकडे झुकणारं फळ, थोडा मसाला, थोडी चहापत्ती. पहिल्या घोटालाच आवडते. मला स्वतःला हिर्श अधिक आवडते, पण घरात चौघं पहिल्यांदाच पिनो घेणार असतील तर मी ती ठेवणार नाही. "पाण्यासारखी आहे बाप्पा" हे ऐकायची तयारी असेल तरच ठेवा.

खरा निर्णय ताटावर होतो. सावजी मटणाबरोबर दोन्ही वाया जातात. तिखटाने अल्कोहोल अजून जाळतं, तुरटपणा कडवट होतो आणि पिनोचा नाजूक वास मसाल्याखाली दबून जातो. पाटोडीच्या झणझणीत रश्श्याचंही तेच. त्या ताटाला नाशिकची थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन कितीतरी बरी, आणि ती आणायला विमान लागत नाही. भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची हात राखून, असेल तर सॅनफर्ड अँड बेनेडिक्ट. चुलीवर भाजलेली गावरान कोंबडी, मीठ-लसूण-मिरं एवढंच लावलेली, असेल तरीही तीच. हिर्शसाठी मात्र पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल. रानात सात्या, म्हणजे रानटी अळिंब्या, निघाल्या की तुपात नुसत्या परतायच्या, हळद-तिखटाचं नाव काढायचं नाही. पिनो आणि अळिंबी ही जुनी जोडी आहे, आणि सात्यांइतकी वासाची अळिंबी बाजारातल्या डबीत मिळत नाही.

पण दिवाळीची बाटली पावसाळ्यापर्यंत ठेवायची तर मधे आपला मे महिना येतो. पारा ४५ च्या वर. माळ्यावर किंवा कपाटात ठेवलेली वाइन त्यात शिजते, बूच वर सरकतं, चव मुरंब्यासारखी होते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवायची सोय असेल तरच हिर्श मागवा. भारनियमन जास्त असलेल्या गावात मी तोही भरवसा धरणार नाही, थंडी सरायच्या आत संपवावी. आणि प्यायच्या वेळी "रेड वाइन थंड करत नाहीत" हा नियम इथे विसरा. पिनोला १३ ते १६ अंश लागतात. आपल्या खोलीतली बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये घालून मगच उघडा. स्टीलचा पेला नको, काचेचा कुठलाही रुंद पेला चालेल.

थोडक्यात एकच बाटली येणार असेल तर सॅनफर्ड अँड बेनेडिक्ट. दोन येणार असतील तर एक-एक, आणि दुसरी सात्यांसाठी राखायची.

शेवटचं, कायद्याचं. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या पाहुण्यांनी हा सगळा मजकूर नुसता वाचायचा. वरुडकडच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की नागपूरहून अमरावतीचा मोठा रस्ता कारंजा-तळेगावावरून, म्हणजे वर्धा जिल्ह्यातून जातो. पोराला विमानतळावरून आणायला जाल तेव्हा परतताना काटोल-जलालखेड्यावरून या.