न मागितलेले प्रीमियम कार्ड आणि ११,८०० रुपयांचे बिल

ज्या बँकेचे साधे क्रेडिट कार्ड मी अनेक वर्षे वापरत होतो, तिच्या प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले की, वेळेवर बिल भरणाऱ्या निवडक ग्राहकांना सर्वांत वरच्या श्रेणीचे कार्ड आजीवन मोफत दिले जात असून त्यावर विमानतळावरील लाउंज कितीही वेळा वापरता येते आणि एका हॉटेलसाखळीचे गोल्ड सदस्यत्वही मिळते. माहिती ईमेलने पाठवा, वाचून कळवतो, एवढेच मी म्हणालो. ईमेल आला नाही. जुने कार्ड परस्पर बंद करून नवे सुरू करण्यात आले आणि पुढच्या बिलात वार्षिक शुल्क १०,००० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी लागला.

छापील अटी वाचल्यावर संताप आला. लाउंजसाठी मागच्या तिमाहीत ठरावीक रकमेची खरेदी आवश्यक होती, हॉटेलचे सदस्यत्व एकाच वर्षापुरते होते आणि शुल्कमाफी वर्षभरात काही लाखांच्या खर्चानंतरच मिळणार होती.

‘तुम्ही फोनवर होकार दिलात’, असे ग्राहक सेवा केंद्राने ठामपणे सांगितले. संभाषणाचे ध्वनिमुद्रण मागितले, तेव्हा मात्र ते मिळाले नाही. उलट, कार्डावर थोडी खरेदी करा, शुल्क परत करू, असा प्रस्ताव आला. तो मी नाकारला आणि इतरांनीही नाकारावा, कारण कार्ड एकदा वापरले की ते आपण स्वीकारल्याचा पुरावाच बँकेच्या हाती जातो.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना कार्डाची श्रेणी वाढवून शुल्क आकारल्यास बँकेला ते ताबडतोब परत करावे लागते, शिवाय त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. ही तरतूद लेखी तक्रारीत नमूद करताच शुल्क व कर परत आले. दंडाबद्दल मात्र बँक गप्प राहिली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. मी ती केली, त्यानंतरच दंडाची रक्कम जमा झाली.

ज्यांचे बिल बँक खात्यातून आपोआप वळते होते, विशेषतः घरातील ज्येष्ठांचे, त्यांनी वार्षिक शुल्काची नोंद दर महिन्याच्या बिलात अवश्य तपासावी, कारण अशी रक्कम कोणाच्याही लक्षात न येता कापली जाते.