टेस्टोस्टेरॉन हवं की शुक्राणू? आहारातली चरबी निवडताना

आहारातली चरबी बदलायचं ठरवलं असेल, तर आधी एक गोष्ट नक्की करा: रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी हार्मोन) वाढवायचं आहे, की मूल हवं आहे? दोन्हींसाठी सल्ला एकच असेल असं नाही.

चरबी कमी की पुरेशी?
टेस्टोस्टेरॉन वृषणातल्या लायडिग पेशींत कोलेस्टेरॉलपासून बनतं. म्हणून भरपूर कोलेस्टेरॉल खाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. शरीर लागेल तेवढं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) आतल्या पडद्यापर्यंत पोचवणं हाच कळीचा टप्पा, आणि तो पिट्युटरी ग्रंथीच्या एलएच हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतो.

तरीही चरबी फार छाटली तर फरक पडतो. १९८४ साली फिनलंडमध्ये ३० निरोगी पुरुषांच्या आहारातली चरबी एकूण ऊर्जेच्या ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली गेली. टेस्टोस्टेरॉन लिटरला २२.७ वरून १९.३ नॅनोमोलवर उतरलं. मात्र त्यात चरबीचा प्रकारही बदलला होता, त्यामुळे दोष फक्त प्रमाणाला देता येत नाही. शिवाय वजन जास्त असेल तर हिशेब वेगळा: शरीरातली चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, म्हणून अशा वेळी वजन उतरवण्याचा फायदा मोठा.

संपृक्त की ओमेगा-३?
खरी ओढाताण इथे आहे. काही छोट्या अभ्यासांत संपृक्त चरबी (तूप, लोणी, साय यांत भरपूर असते ती) खाणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त दिसलं. पण डेन्मार्कमधल्या ७०१ तरुणांच्या पाहणीत सर्वाधिक संपृक्त चरबी खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी कमी निघाली. या पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगा हा आकडा नाही.

ओमेगा-३ हा असंपृक्त चरबीचा एक गट. त्यातलं डीएचए हे मेदाम्ल शुक्राणूच्या पडद्यात भरपूर असतं आणि पडदा लवचिक ठेवतं. एका प्रयोगात २१ ते ३५ वयाच्या पुरुषांनी १२ आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ले, तेव्हा शुक्राणूंची हालचाल आणि आकार दोन्ही सुधारले. मूल हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: संपृक्त चरबीचा काही वाटा काढून तिथे मासे, अक्रोड, जवस आणा. जवस-अक्रोडातल्या ओमेगा-३चं डीएचए शरीरात फारच थोडं बनतं, त्यामुळे मासे खात असाल तर ते उजवे.

ट्रान्स फॅट
ट्रान्स फॅट म्हणजे मुख्यतः तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना बनणारी चरबी, उदाहरणार्थ वनस्पती तुपातली. इथे तुलनाच नको. पुरुषांत कमी शुक्राणूसंख्येशी आणि स्त्रियांत स्त्रीबीज बाहेर पडण्यातल्या अडचणींमुळे येणाऱ्या वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळला आहे. तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याखाली आहे. सरळ बंद करा.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून आहार बदलल्यावर वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करा. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नसेल, तर हे तीन महिने थांबू नका. दोघांनीही आत्ताच डॉक्टरांकडे जा.