लागिये की बझांसनो? अभ्यासाला कुणाची कारकीर्द घ्यावी

फ्रान्सच्या अतिडाव्या राजकारणावर प्रबंध किंवा मोठा लेख लिहायचा असेल आणि उमेदवार एकच निवडायचा असेल, तर बहुतेकांना पहिलं नाव सुचतं डावे नेते मेलाँशाँ यांचं. ते आधी बाजूला ठेवा. तरुणपणी ते त्रॉत्स्कीवादी, म्हणजे रशियन क्रांतिकारक त्रॉत्स्कीला मानणाऱ्या कम्युनिस्टांच्या, गटात होते खरे, पण पुढे समाजवादी पक्षाचे सिनेटर झाले, २००० ते २००२ मंत्रीही होते. त्यांचं गणित सत्तेचं आहे, आणि तो विषयच वेगळा. खरी निवड आर्लेत लागिये आणि ओलिव्हिए बझांसनो या दोघांतली.

लागियेबाईंचा जन्म १९४० चा. सोळाव्या वर्षी त्या क्रेदी लियोने बँकेत नोकरीला लागल्या. १९७४ च्या सुरुवातीला तिथे मोठा संप झाला, त्यात त्या पुढे होत्या. त्याच वसंतात राष्ट्राध्यक्ष पाँपिदू वारले, अचानक निवडणूक लागली, आणि ल्युत उव्रिएर या चिमुकल्या त्रॉत्स्कीवादी पक्षाने ३४ वर्षांच्या या बँक कर्मचारी बाईंना उभं केलं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या महिला. मतं पडली २.३३ टक्के.

त्यानंतर १९८१, १९८८, १९९५, २००२ आणि २००७. एकूण सहा वेळा, एकाच पक्षाकडून आणि जवळजवळ एकच भाषण घेऊन. सुरुवात ठरलेली: ‘कामगार भगिनींनो, कामगार बंधूंनो!’ वीस वर्षं लोकांनी त्याची थट्टा केली. मग १९९५ मध्ये त्याच भाषणाला ५.३० टक्के मतं मिळाली आणि २००२ मध्ये ५.७२, म्हणजे सोळा लाखांहून अधिक. बाई बदलल्या नव्हत्या. समाजवादी राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या चौदा वर्षांनंतर समाजवाद्यांवर चिडलेला मतदार त्यांच्यापर्यंत चालत आला होता. २००७ मध्ये तो परतही गेला: १.३३ टक्के. या पक्षाचा जीव निवडणुकीत नाहीच. तो आहे कारखान्यांच्या फाटकांवर ठरलेल्या दिवशी वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत. निवडणूक म्हणजे पाच-सात वर्षांतून एकदा मिळणारा मोठा भोंगा.

बझांसनो यांची गोष्ट उलट्या टोकाची. जन्म १९७४, म्हणजे बाई पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्याच वर्षीचा. नाँतेर विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेऊन ते पोस्टमन झाले, आणि टपाल वाटत होते नुयीत. पॅरिसला लागून असलेल्या या श्रीमंत गावाचे तेव्हाचे महापौर होते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले निकोला सार्कोझी. कादंबरीत असं कुणी लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलंय म्हणालो असतो. २००२ मध्ये २७ वर्षांच्या या पोस्टमनला एलसीआर या दुसऱ्या त्रॉत्स्कीवादी पक्षाने उभं केलं आणि ४.२५ टक्के मिळाले. २००७ मध्ये ४.०८ टक्के, पण मतदान वाढल्यामुळे मतं बारा लाखांवरून सुमारे पंधरा लाखांवर गेली. टी-शर्ट घातलेला, भराभर बोलणारा, टीव्हीच्या गप्पांच्या कार्यक्रमांतही चालणारा हा माणूस तोवर घराघरांत पोचला होता.

दोघांना शेजारी ठेवून पाहायचं तर २००२ च्या दोन फेऱ्यांमधले दिवस पाहा. पहिल्या फेरीत समाजवादी पंतप्रधान जॉस्पँ दोन लाखांहून कमी मतांनी मागे पडले आणि दुसऱ्या फेरीत उजवे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्यासमोर अतिउजवे जाँ-मारी ल पेन उरले. त्रॉत्स्कीवाद्यांना मिळून दहा टक्क्यांवर मतं गेली होती, त्यामुळे खापर त्यांच्याही डोक्यावर फुटलं. एलसीआरने सांगितलं, ल पेनना रस्त्यावरही हरवा आणि मतपेटीतही. लागियेबाईंनी शिराकना मत द्यायला नकार दिला आणि कोरी मतपत्रिका टाकायला सांगितलं. डाव्या वर्तुळातल्या अनेकांनी त्यांना तेव्हापासून माफ केलेलं नाही. मला स्वतःला बाईंचा निर्णय चुकीचा वाटतो, पण आडमुठेपणाची किंमत काय आणि त्यातून टिकतं काय, हे दोन आठवड्यांत दाखवणारं दुसरं उदाहरण या क्षेत्रात मला माहीत नाही.

पुढचा प्रवास बझांसनोंच्या बाजूने अधिक नाट्यमय आहे. लोकप्रियतेच्या जोरावर एलसीआर विसर्जित करून फेब्रुवारी २००९ मध्ये एनपीए (नवा भांडवलशाहीविरोधी पक्ष) हा व्यापक पक्ष काढला. त्याच वर्षीच्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ४.८८ टक्के मिळाले आणि जागा एकही नाही. इतर डाव्यांशी आघाडी करायची की नाही यावर पक्षात ओढाताण सुरू झाली. २०११ मध्ये बझांसनोंनी पुन्हा उभं राहायचं नाकारलं, कारण पक्षाचा चेहरा एकच माणूस होऊन बसू नये. त्यांच्या जागी आलेले फोर्ड कारखान्यातले फिलिप पुतू १.१५ टक्क्यांवर थांबले, आणि २०२२ च्या अखेरीस पक्षच दुभंगला. लागियेबाईंच्या जागी आलेल्या शिक्षिका नाताली आर्तो यांना तीन निवडणुकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपासच मतं मिळाली, पण पक्ष जिथे होता तिथेच आहे.

लोकप्रियतेतून संघटना का उभी राहिली नाही, हा तुमचा प्रश्न असेल तर बझांसनो घ्या. मुलाखती भरपूर, पक्षातले वाद उघड्यावर. लागियेबाईंकडे एक अडचण आहे: ल्युत उव्रिएरचा कारभार बंद दाराआडचा. खरे सूत्रधार रोबेर बार्सिया हे ‘हार्दी’ या टोपणनावाने वावरत आणि अनेक वर्षं कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत. तरीही मी बाईंनाच निवडेन. ३३ वर्षं उमेदवार स्थिर असल्यामुळे भोवतीचा फ्रान्स कसा हलला हे मोजायला त्या पट्टीसारख्या उपयोगी पडतात. आणि त्यांचं फ्रेंच साधं, स्पष्ट आहे, भाषा जेमतेम येत असली तरी कळतं. १९७४ ची त्यांची टीव्हीवरची भाषणं आधी ऐका आणि त्याला लागूनच २००७ ची.