.३१५ की .३०-०६? बागेच्या राखणीसाठी रायफल घेताना

आमच्याकडे अजून पुष्कळ घरांत ठासणीचीच बंदूक आहे. शेती संरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर झाला, की त्याला डुकरांसाठी रायफलीचे वेध लागतात. मग .३१५ घ्यावी की .३०-०६, यावर चर्चा रंगते. हे दशांश आकडे नळीच्या आतल्या रुंदीचे, इंचांत. .३०३ चं नाव कोणीतरी काढतंच, पण ती लष्करी बोअरची, म्हणजे सैन्याच्या मापाची, तुम्हाआम्हाला बंद.

.३१५ जन्मली ती त्या बंदीमुळेच. लष्कराचं काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांच्या काळात खासगी रायफलींसाठी ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतूस पुढे आलं. आठ मिलिमीटरचे इंच केले की .३१५. गोळी मात्र नावापेक्षा जाड, .३२३ इंच! सरकारी कारखान्याची रायफल हातात घेतलीत तर बोल्टपासून (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) सगळी ठेवण इंग्रजी सैन्याच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीची. .३०-०६ अमेरिकी सैन्याची; नावातला ०६ म्हणजे १९०६ साल.

कागदावर .३०-०६ सरळ जिंकते. साधारण पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८८५ मीटरच्या आसपास सुटते. मूळ ऑस्ट्रियन काडतुसाची गोळी जवळपास सोळा ग्रॅमची, वेग ६२० मीटर. दोनशे-तीनशे मीटरवर .३१५ ची गोळी चांगलीच खाली येते, .३०-०६ ची त्या मानाने सरळ जाते.

पण दोनशे मीटर मोकळं दिसतं कुठे आपल्याकडे? काजूच्या बागेत, करवंदीच्या जाळीत डुक्कर दिसतो तो तीस-चाळीस मीटरवर, तोही विजेरीच्या उजेडात. पन्नास मीटरवर दोन्हींच्या घसरणीत फरक जेमतेम बोटभर. म्हणजे .३०-०६ चा जादा पल्ला आपल्या कामाचा नाही. उलट त्याचीच धास्ती. नेम चुकला तर गोळी काही किलोमीटर जाऊ शकते आणि उताराखाली वाडी असते. .३१५ चीही गोळी लांब जाते, तेव्हा कुठलीही घ्या, माचावरून खाली, मातीत जाईल अशीच झाडायची. जांभ्याच्या गडग्यावर आपटून गोळी कुठे वळेल याचा नेम नाही. मला विचाराल तर .३१५ पुरे. आणि खरं सांगायचं तर अशा अंतरावर बारा बोअरची काडतुसाची बंदूकही पुरते.

.३१५ ची एक खोड आहे. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन, म्हणजे रायफलीतली काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी. मागे राहिली तर बोल्ट अडकतो. .३०-०६ ला बाहेर कड नाही, नुसती खाच, म्हणून ती कशीही भरा. हलकी .२२ डुकरासाठी घेऊच नका. जनावर जखमी होऊन रानात शिरतं.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

खारी हवा दोन्ही रायफलींना सारखीच खाते. मी एका पावसाळ्यात काडतुसं चामड्याच्या पट्ट्यातच ठेवली होती. गणपतीला काढली तर पितळेवर हिरवा थर, आणि त्यातली तीन चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं तिथे, अर्ध्यावरच अडली.