बेळगावातलं संध्याकाळचं बास्केटबॉल कोचिंग: कॉलेज टीम पाठवण्याआधी वाचा

बेळगावात एका कॉलेजच्या सिमेंट कोर्टवर संध्याकाळी दोन तास चालणाऱ्या कोचिंगचा हा रिव्ह्यू आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या किंवा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की कॉलेजं आपली टीम इथं पाठवतात. वडगाव, हिंडलगा, खानापूरकडची पोरं असतात. नाव देत नाही, कारण इथले गुण-दोष या भागातल्या बऱ्याच कोचिंगना लागू पडतात.

चौकशीला गेलात की आधी ऐकवतात ते ‘आम्ही बारा सेट शिकवतो’, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या बारा चाली. त्याला भुलू नका. सेट कितीही शिकवा, समोरची टीम जरा बरी असली की पहिला पास अडतो आणि सेट तिथंच संपतो. मग घड्याळात पंधरा सेकंद उरलेले असताना पाच जण काय करतात, ते बघायचं. त्यावर कोचिंग जोखलं तर ही बॅच बरीच वरची आहे. फक्त झोनपुढं, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या डिफेन्सपुढं, ती आडवी पडते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

इथं सगळ्यात चांगलं शिकवतात ते अंतर. सुरुवातीला थ्री-पॉइंट रेषेच्या जरा बाहेर खडूने पाच चौकोन आखतात: एक बास्केटसमोर, दोन विंगला (समोर आणि कॉर्नर यांच्या मध्ये), दोन कॉर्नरला. दोन चौकोनांत साधारण पाच मीटर. त्यामागचं कारणही नीट समजावून सांगतात, हे महत्त्वाचं. दोन खेळाडू तीन मीटरवर उभे असले तर एकच डिफेंडर मध्ये उभा राहून दोघांना सांभाळतो आणि ड्राइव्हला वाटच उरत नाही. पाच मीटर असलं की मदतीला आत गेलेल्याला परत आपल्या माणसापर्यंत यायला दोन-तीन पावलं लागतात. तेवढ्यात शॉट सुटतो. बिघडतं कुठं, तर बॉल मागायचा म्हणजे बॉलकडे धावायचं ही पोरांची जुनी सवय. एक जण आत सरकला की त्याचा डिफेंडरही सोबत येतो, आणि बॉलवाल्याच्या अंगावर दोघं. इथले कोच अशा वेळी शिटी मारून सगळ्यांना जागच्या जागी थांबवतात आणि आपल्या पायाखाली खडू आहे का ते बघायला लावतात. बोलणं फारसं नाही, पण परिणाम होतो.

या अंतरावर रचलेला खेळ साधा आहे. पास दिला की देणाऱ्याने लगेच रिंगकडे कट मारायचा, हात उघडे, नजर बॉलवर. बॉल नाही मिळाला तर रिंगखालून मोकळ्या कॉर्नरला निघायचं, आणि रिकामी झालेली जागा शेजारच्याने भरायची. दुसरा नियम: तुमचा डिफेंडर हात घालून पासची वाट अडवत असेल, तर बॉलकडे येऊ नका, एक पाऊल बाहेर टाकून त्याच्या पाठीमागून रिंगकडे निघा. हेच बॅकडोअर. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रिन्स्टनचे कोच पीट कॅरिल यांची टीम याच खेळासाठी ओळखली जायची, आणि 1996 मध्ये आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला त्यांनी 43–41 असं हरवलं ते शेवटच्या सेकंदांतल्या अशाच एका बॅकडोअर ले-अपवर. उंची कमी असलेल्या टीमला हा खेळ परवडतो. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेज टीममध्ये सहा फुटांच्या वरचा एखाद-दुसराच असतो, म्हणून ही निवड आम्हाला पटली.

सरावात हे बसवतात ते तीनास तीन खेळून, ड्रिबल बंद ठेवून. ड्रिबल नसला की कट मारल्याशिवाय आणि जागा भरल्याशिवाय बॉल पुढं सरकतच नाही. मग एक ड्रिबल, मग दोन. शेवटी पाचास पाच. हा क्रम बरोबर आहे. काही ठिकाणी उलटं करतात, पहिल्याच दिवशी पाचास पाच मॅच लावून देतात. पोरांना मजा येते, पण दहा मिनिटांत एकेकाच्या वाट्याला बॉल येतो तो चार-पाच वेळा.

पिक अँड रोल मात्र अर्धवट सोडतात. यात एक जण बॉलवाल्याच्या डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो (हा स्क्रीन), आणि मग वळून रिंगकडे निघतो (हा रोल). स्क्रीन लावणाऱ्याचे पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, हात छातीशी, आणि जागेवर पूर्ण थांबलेला, एवढं शिकवतात. थांबायच्या आधीच बॉलवाला निघाला तर स्क्रीनवाला हलत्या अंगाने धडकतो आणि ऑफेन्सचा फाउल जातो, हेही सांगतात. बॉलवाल्याने स्क्रीनला खांदा घासून जायला हवं. मध्ये माणूस जाईल एवढी फट राहिली तर स्क्रीन लावून उपयोग काय? पुढचा भाग गाळलाय. आपल्या भागात बाहेरून शूट करणारे कमी, त्यामुळे डिफेंडर सरळ स्क्रीनच्या खालून, म्हणजे रिंगच्या बाजूने, जातो आणि पुन्हा समोर उभा. त्याला उत्तर म्हणजे स्क्रीनवाल्याने तिथंच वळून दोन पावलं खाली, रिंगच्या बाजूला, दुसरा स्क्रीन लावायचा. आता डिफेंडर खालून गेला तर शॉट जवळून मिळतो. डिफेंडरनी माणसं बदलली तर रोल करणाऱ्याने छोट्या डिफेंडरला पाठीवर घेऊन बॉल मागायचा. ही दोन्ही उत्तरं दोन संध्याकाळींत शिकवून होतात. ती न शिकवण्याचं कारण सापडत नाही.

आता झोन. तालुक्याच्या कॉलेजांशी खेळताना समोर बहुतेक वेळा टू-थ्री झोन (वर दोघं, रिंगजवळ तिघं) येतो, कारण तो शिकवायला सोपा आणि दमछाक कमी. इथल्या बॅचच्या पोरांपुढं झोन आला की पाच जण रेषेबाहेर उभे राहून बॉल इकडून तिकडे फिरवतात आणि वीस सेकंद संपले की लांबून शॉट टाकतात. खडूच्या चौकोनांची सवय इथं उलटते. झोनमध्ये डिफेंडर माणसाला नाही, जागेला धरून असतो, त्यामुळे रेषेबाहेर नुसते कट मारून त्याला हलवता येत नाही. वरच्या दोघांच्या मधल्या फटीसमोर एक जण, दोन विंगला, एक फ्री थ्रो रेषेवर, आणि पाचवा बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेवर), रिंगपासून तीन-चार मीटर बाजूला, अशी मांडणी हवी. बॉल फ्री थ्रो रेषेवर पोचला की झोनचा मधला उंच खेळाडू पेचात पडतो: वर आला तर त्याच्या मागे बेसलाइनवाला मोकळा, खाली थांबला तर तिथूनच शॉट. तिथला खेळाडू बॉल घेऊन लगेच रिंगकडे वळला पाहिजे. पाठ करून उभा राहिला तर सगळं फुकट. दुसरा उपाय म्हणजे वरच्या दोघांच्या मधून ड्राइव्ह. दोघंही आत ओढले गेले की एक विंग मोकळी. हे कोचना ठाऊक नसेल असं वाटत नाही. वेळापत्रकात बसवलेलं नाही, एवढंच.

वेळापत्रकात एरवी गडबड नाही. दोन तासांत पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं, पंचवीस शूटिंग, तीस तीनास तीन, वीस डिफेन्स, वीस पाचास पाच, शेवटची दहा फ्री थ्रो. फ्री थ्रो दमलेल्या पायांनी घ्यायला लावतात, दोन टाकले की एक धाव, पुन्हा दोन. मॅचमध्ये फाउल झाला की दमलेल्या अंगाने दोनच मिळतात, ओळीने पन्नास नाही. यूसीएलएचे जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 1974-75 च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचा सराव बसून नोंदवला, तेव्हा कौतुक आणि रागवणं दोन्ही कमी निघालं. बहुतेक बोलणं म्हणजे काय करायचं आणि कसं, याच्या छोट्या सूचना. इथले मोठे कोच त्याच वळणाचे. त्यांचे असिस्टंट मात्र ‘अरे डोकं लाव की’ एवढंच ओरडतात. त्यातून कोणाला काय कळणार?

कोर्टवर मराठी, कन्नड, हिंदी सगळं मिसळून चालतं, त्याची अडचण होत नाही. खेळाच्या खुणा बोटांनी आणि मुठीने ठेवल्यात, ते शहाणपणाचं.

रिंगजवळचं काम चांगलं आहे. ड्राइव्ह करून आत शिरल्यावर एका पायावर उडण्याऐवजी दोन्ही पायांवर थांबायला आणि मग पिव्होट करून, म्हणजे एक पाय रोवून त्यावर फिरून, फसवायला शिकवतात. 2016 आणि 2018 मध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवणाऱ्या विलानोवा विद्यापीठाच्या खेळात हे थांबणं पदोपदी दिसतं. पण कोर्टवरची बारीक लाल माती झाडली जात नाही. दोन पायांवर थांबताना बूट सरकतो आणि ट्रॅव्हलिंगची (बॉल हातात असताना पाय हलल्याची) शिटी वाजते. एक झाडू आणि पायपुसणं ठेवलं तर काम भागेल.

घड्याळाची बाब गंभीर आहे. सेट बरेचसे यूट्यूबवरून, अमेरिकन कॉलेजच्या मॅचमधून उचललेत. तिथं शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायला मिळणारा वेळ, 30 सेकंदांचा. आपल्या स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी होतात, म्हणजे 24 सेकंद, आणि रिंगला लागून परत आलेला बॉल (रिबाउंड) ऑफेन्सनेच पकडला तर 14. मधली रेषा ओलांडायला आठ सेकंदांची मुभा, त्यात पाच-सहा सहज जातात. उरतात अठरा. तिकडच्या सेटमधला शेवटचा शॉट सेट सुरू झाल्यापासून बावीस-तेविसाव्या सेकंदाला येतो, आपल्याकडे तोवर शिटी. सरावात घड्याळ लावतच नाहीत. मोबाइलवर टायमर लावून राखीव खेळाडूने ‘दहा’, ‘पाच’ असं ओरडलं तरी पुरेसं आहे.

आणखी एक मोजायची गोष्ट, जी पाठवणाऱ्या कॉलेजनेच आधी तपासावी: थ्री-पॉइंट रेषा. फिबाने 2010 मध्ये ती 6.25 वरून 6.75 मीटर केली, पण जुन्या कोर्टांवर जुनाच रंग पुन्हा पुन्हा मारतात. इथंही तसंच आहे. रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करा, तो बिंदू बेसलाइनच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर येतो. तिथून टेप लावून 6.75 मोजा. कॉर्नरमध्ये रेषा साइडलाइनपासून 90 सेंटिमीटर आत. अर्धा मीटर जवळून सराव केलेला पोरगा स्पर्धेत गेला की शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडतो, आणि मग सगळे म्हणतात टेन्शन आलं.

वहीचं काम बॅचमध्ये अजिबात होत नाही. कोणी किती पॉइंट केले याच्यापलीकडे नोंद नाही. ऑफेन्स कसा चाललाय हे कळायला चार गोष्टी लागतात: शॉट किती बसले, बॉल किती गमावले, आपल्याच चुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती मिळाले, आणि फ्री थ्रोवरून किती आले. उदाहरणासाठी एक मॅच धरा: 62 शॉट, त्यात 22 दोनचे आणि 3 तीनचे बसले, 14 फ्री थ्रोपैकी 8. एकूण 61 पॉइंट. ऑफेन्सचे रिबाउंड 8, टर्नओव्हर (गमावलेले बॉल) 18. शॉटमधून रिबाउंड वजा, टर्नओव्हर अधिक, आणि फ्री थ्रोच्या 0.44 पट अधिक, असं केलं की बॉल किती वेळा हातात आला ते निघतं: 62 − 8 + 18 + 6, म्हणजे 78. त्यातले 18 शॉटशिवाय गेले. उरलेल्या 60 मध्ये 61 पॉइंट, म्हणजे शॉटपर्यंत पोचलो की दर वेळी एक पॉइंट मिळतोय. टर्नओव्हर 18 ऐवजी 12 असते तर आणखी सहाएक पॉइंट आले असते, तेही नवा सेट न शिकता. सीमाभागातल्या कॉलेज मॅचेस पाच-सात पॉइंटनी फिरतात, तिथं ही वही बारा सेटपेक्षा जास्त कामाची. राखीव बाकावरचा कोणीही ती लिहू शकतो.

पावसाचं नियोजन शून्य. कोर्टवर छप्पर नाही. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे, तरी पाऊस आला की मेसेज येतो ‘आज नाही’, आणि त्या दिवसाची फी परत नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात पासिंग, पिव्होट, स्क्रीनचे पाय, झोनची मांडणी, सगळं होऊ शकतं. बॉल टप्पा खायला जागा नसली तरी चालतं. उलट ड्रिबल बंद असलेल्या सरावाला ती जागा सोयीचीच.

पाचपैकी साडेतीन. नव्या टीमला, विशेषतः उंची कमी असलेल्या टीमला, पहिल्या महिन्यासाठी जरूर पाठवा. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असेल आणि गटात झोन खेळणारे असतील, तर ठरवतानाच सांगा की आठवड्यातले दोन दिवस फक्त झोनचे हवेत आणि घड्याळ लावून हवेत. मागितलं तर देतात. खानापूरच्या पोरांना बस गाठायची असते, त्यांच्यासाठी फ्री थ्रो आधी घ्यायला सांगा, नाहीतर तीच दहा मिनिटं रोज बुडतात. मुलींच्या टीमला इथं सात नंबरचाच बॉल देतात. मुलींच्या मॅच सहा नंबरने होतात आणि दोन्हींच्या वजनात पन्नास ग्रॅमहून जास्त फरक असतो, तेव्हा आपले बॉल सोबत पाठवा.