पितळी कोळशाची इस्त्री : खरेदी खडे बाजारातील, शिकवणी झोम्बाची

गेल्या मे महिन्यात बेळगावच्या खडे बाजारातून लोणारी कोळशावर चालणारी पितळेची इस्त्री मी विकत घेतली, तेव्हा दुकानदारांनी ती शोकेससाठी हवी की हॉटेलच्या सजावटीसाठी, अशी चौकशी केली. कपड्यांसाठी हवी आहे, असे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले, हातातली नक्षीदार इस्त्री फळीवर परत ठेवली आणि आतल्या खोलीतून दुसरी, दिसायला साधी पण जाड तळाची आणली. वजन ५ किलो ६०० ग्रॅम भरले. किलोच्या भावाने मजुरीसह ₹४,९०० दिले. एक संपूर्ण पावसाळा ती वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

शहापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने, ज्याने आयुष्यभर गल्लीच्या कोपऱ्यावरील इस्त्रीवाल्यांकडे कपडे टाकले, ही वस्तू का घ्यावी, याचे उत्तर आफ्रिकेतील मलावी या देशात आहे. आयटीआयमधून फिटर विभागाचा निदेशक म्हणून निवृत्त झाल्यावर २०२२ च्या ऑक्टोबरात मी एका स्वयंसेवी संस्थेमार्फत दहा महिन्यांसाठी झोम्बा या डोंगरपायथ्याच्या गावी गेलो. १९७५ पर्यंत हे गाव त्या देशाची राजधानी होते. तेथील मुलांना कानस धरायला शिकवायचे, हे माझे काम. संस्थेने पाठवलेल्या सामानाच्या यादीत विजेरीपासून मच्छरदाणीपर्यंत सर्व काही होते. इस्त्रीविषयी मात्र एक अक्षर नव्हते, आणि मला ती केवळ टापटिपीची बाब वाटत असल्यामुळे मीही विचारले नाही.

तिकडे इस्त्री ही औषधासारखी असते. पुत्सी नावाची एक माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते, त्यांतून निघालेली अळी अंगावरच्या कपड्यातून कातडीत शिरते आणि तेथे गळवासारखा फोड येतो. त्यावर उपाय एकच : बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा, अगदी बनियन आणि टॉवेलसुद्धा, कडक इस्त्रीखालून काढायचा. विजेची छोटी इस्त्री मी नेली होती, परंतु त्या देशाची बहुतेक वीज शिरे नदीवरील जलविद्युत केंद्रांतून येते आणि २०२२ च्या जानेवारीतील वादळात त्यांपैकी कपिचिराचे सुमारे १३० मेगावॉटचे केंद्र बंद पडले होते. त्यामुळे वीज केव्हा येईल आणि केव्हा जाईल, याला धरबंध राहिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात माझे शर्ट कुंपणाच्या झुडपांवर वाळत पडलेले शेजारच्या बाईंनी पाहिले. तेथे दार ठोठावत नाहीत. अंगणाच्या कडेला उभे राहून ‘ओदी!’ अशी हाक घालतात आणि आतून ‘ओदिनी’ असे उत्तर आल्यावरच पुढे येतात. त्यांनी हाक घातली, मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून बराच वेळ त्या बाहेर आणि मी आत असे उभे राहिलो. मग त्यांनी सर्व कपडे गोळा केले आणि तासाभराने घड्या घालून परत आणले. मी पैसे पुढे करताच त्यांनी हात मागे घेतला आणि फोडाची खूण दंडावर करून दाखवली. मोठ्या बाईला तेथे ‘आमायी’ म्हणतात, तसे मीही म्हणू लागलो; माझे केस पांढरे असल्यामुळे मुलांनी मला ‘अगोगो’ करून टाकले. आजी आणि आजोबा या दोघांना मिळून तिकडे हा एकच शब्द चालतो.

पुढल्या आठवड्यापासून मात्र कपडे मीच करावेत, असे आमायींनी ठरवले. त्यांची इस्त्री काळ्या बिडाची होती, आणि झाकणाच्या खिटीवर बोटभर उंचीचा कोंबडा ओतलेला होता. निखारे भरताना त्या कोंबड्याला धरून झाकण उघडायचे. निखारे आत टाकल्यावर इस्त्री हातात धरून झोका द्यायचा, म्हणजे बाजूच्या भोकांतून वारा लागून ते फुलतात; मग केळीच्या हिरव्या पानावरून तळ एकदा फिरवायचा, म्हणजे काजळी पुसली जाते आणि गुळगुळीतपणा येतो. शिवण, काखा आणि कमरेची पट्टी यांवर दोनदा फिरवणे सक्तीचे, कारण ओल तेथेच दडून राहते. निखारे त्यांच्या मातीच्या अंगणातील ‘म्बाउला’ नावाच्या पत्र्याच्या शेगडीतून यायचे. आमच्या लहानपणी शेणीच्या तुकड्यावर शेजारून विस्तव मागून आणत असत, आणि ज्यांचे पटत नाही त्यांच्यात विस्तव जात नाही, असे आपण अजूनही म्हणतो. झोम्बात आमच्या दोन घरांत आठवड्यातून दोनदा विस्तव जात होता, तोही एकाच दिशेने. अखेर त्यांच्या इस्त्रीची सैल झालेली बिजागरी मी शाळेच्या वर्कशॉपमध्ये नवी रिव्हेट मारून दिली, तेव्हा मला जरा हलके वाटले.

२०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीला झोडपले. ऊन नाही, वीज नाही आणि कच्च्या विटांची घरे पडलेली माणसे शाळांच्या वर्गांतून आसऱ्याला आलेली, अशा त्या दिवसांत आमायींनी शेगडी विझू दिली नाही. गोळा झालेले दमट कपडे आम्ही दोघे आळीपाळीने इस्त्री करत होतो. त्या वेळी इस्त्री म्हणजेच वाळवण होते.

एवढे सांगितल्याशिवाय या पितळी इस्त्रीचे गुणदोष मांडता येत नाहीत, कारण माझ्या हाताला तुलना त्या बिडाच्या इस्त्रीशीच करता येते. पितळ बिडापेक्षा सुमारे दुपटीने उष्णता वाहून नेते, त्यामुळे टोकापासून टाचेपर्यंत धग सारखी पोहोचते; बिडाची इस्त्री मध्येच तापते, परंतु ऊब जास्त वेळ धरून ठेवते. शिवाय बीड पावसाळ्यात गंजते आणि पांढऱ्या कपड्यावर तांबूस डाग उठवते. पितळ गंजत नाही, नुसते काळवंडते, आणि चिंच लावून घासले की उजळते. तळ मी सरळपट्टीवर तपासला, तो सपाट आहे. ओतकाम मात्र आतून खडबडीत असून कडा धारदार राहिल्या होत्या. त्या मी स्वतः कानशीने मारल्या. विकण्यापूर्वी हे व्हायला हवे होते.

मुख्य दोष मुठीचा आहे. लाकूड पुरते वाळलेले नसावे, कारण तिसऱ्या आठवड्यातच ते आटून मूठ फिरू लागली, आणि साडेपाच किलोंहून जड, निखाऱ्यांनी भरलेल्या इस्त्रीची मूठ फिरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. सागवानाची नवी मूठ बसवून घेतली, त्याचे ₹१५० वेगळे. मागील भोके अंमळ मोठी असल्याने राख कपड्यावर पडते. निखारे भरल्यावर इस्त्री एकदा बाहेर झटकून घेणे, एवढाच त्यावर उपाय.

बाभळीचा चांगला कोळसा असेल तर तापायला २५ मिनिटे लागतात आणि एका भरणीत दहा-बारा सुती शर्ट होतात. खळ दिलेल्या सुती साडीवर आणि खादीवर हिच्यासारखी घडी विजेच्या हलक्या इस्त्रीने बसत नाही, कारण काम वजनच करते. नायलॉन आणि टेरिकॉट मात्र हिच्यापासून दूर ठेवावेत. उष्णता कमीजास्त करण्याचे बटण हिला नाही, पाण्याचा थेंब टाकून ऐकायचे. बंद खोलीत ती मुळीच वापरू नये, कोळशाचा धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो. मी मागच्या पडवीतच बसतो. रोजच्या घाईसाठी विजेची इस्त्री पुरेशी आहे, आणि गल्लीतील आमच्या इस्त्रीवाल्यांनीही आता गॅसची घेतली आहे. तरी जुलैच्या झडीत, वीज गेलेली असताना, समोरच्या वहिनींनी मुलाचा गणवेश माझ्याकडे पाठवला होता, आणि पैसे विचारायला त्या आल्या तेव्हा मलाही हात मागे घ्यावा लागला.

घ्यायचीच असेल तर तळाची जाडी आणि मुठीचे लाकूड पाहून घ्यावी, नक्षी पाहून नव्हे. खिटीवर येथे साधा गोळा असतो, तो तापतो आणि बोटांना पकड देत नाही. उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला मी कोंबड्याचे चित्र मापांसह काढून दिले आहे. दिवाळीनंतर बघू सर, असे तो म्हणाला आहे.